आधी पुसणे, मग टाकणे: अनेक सर्व्हरांवर ओएस टाकण्याचे साधन निवडताना
(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी. या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा साधनांच्या नावांपासून सुरू होते आणि तिथेच संपते, म्हणून मी आज प्रत्यक्ष कामापासून सुरुवात करतो. आपल्या इंदुरात महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, रुग्णालये, पतसंस्था, सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्या अशा सगळ्याच ठिकाणी सर्व्हरचे रॅक उभे आहेत, आणि ते सांभाळणारी माणसे मात्र बहुधा दोन किंवा तीनच असतात. एका यंत्रावर हाताने ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायची तर पेन ड्राइव्ह लावायचा, भाषा आणि वेळ निवडायची, डिस्कचे भाग पाडायचे, पासवर्ड द्यायचा आणि पाऊण तास वाट बघायची. यंत्रे चार असली तर हे निभते. चाळीस असली की आठवडा जातो, पण आठवडा जाणे हे त्यातले लहान नुकसान आहे. मोठे नुकसान असे की हाताने लावलेली चाळीस यंत्रे ही चाळीस तऱ्हेची यंत्रे होतात. तिसऱ्या दिवशी दमलेल्या माणसाकडून एका यंत्रावर भारतीय वेळ लागते, दुसऱ्यावर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, तशीच राहते, आणि सहा महिन्यांनी बिघाड शोधायला बसावे तर दोन यंत्रांच्या नोंदींत साडेपाच तासांचे अंतर निघते, मग कोणती गोष्ट आधी घडली हेच कळेनासे होते.

स्वयंचलित इन्स्टॉलेशनची मूळ वाट सगळीकडे सारखीच आहे. सर्व्हर सुरू झाला की त्याचे नेटवर्क कार्ड डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागते. उत्तरात पत्त्याबरोबर ‘अमुक सर्व्हरवरून तमुक फाइल आण’ अशी सूचना येते. ती फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने उतरते, तिच्यामागून कर्नल (ओएसचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) येतात, आणि मग इन्स्टॉलर आपली उत्तरपत्रिका, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेली फाइल, शोधतो. या नेटवर्कवरून बूट होण्याला पीएक्सई म्हणतात. इंटेलने आणलेल्या या पद्धतीची २.१ ही आवृत्ती १९९९ सालची आहे आणि आजही आपण तिच्याच पायावर उभे आहोत. उत्तरपत्रिकेला लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, सुसेमध्ये ऑटोयास्ट. उबंटू सर्व्हरने २०.०४ या आवृत्तीपासून यामल या साध्या मजकुराच्या रचनेत लिहिली जाणारी ऑटोइन्स्टॉल पद्धत आणली. कॉबलर, फोरमन, मास ही जी नावे तुम्ही ऐकता ती या वाटेवरचे व्यवस्थापक आहेत, त्यांनी ही वाट बदललेली नाही. म्हणून माझा आग्रह असतो की ज्याला साधन निवडायचे आहे त्याने आधी एकदा तरी, कुठलेही साधन न घेता, एका रिकाम्या यंत्रावर ही सगळी साखळी स्वतः जुळवून बघावी.

कारण साखळी तुटते ती याच कड्यांवर, आणि तेव्हा साधनाचा सुंदर पडदा काही सांगत नाही. एक नेहमीचे उदाहरण घ्या. सर्व्हरला पत्ता मिळत नाही, पण लॅपटॉप त्याच वायरीला लावला तर लगेच मिळतो. दोष बहुधा स्विचमध्ये असतो: पोर्ट जागे झाल्यावर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वेटोळे होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ असे ३० सेकंद घेतो, आणि तोवर पीएक्सई मागून मागून थकलेले असते. त्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट बघणे टाळणारी स्विचमधली सोय, चालू केले की प्रश्न मिटतो. दुसरे उदाहरण वेगाचे. टीएफटीपी मूळ रीतीने ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवते आणि पोच आल्याशिवाय पुढचा पाठवत नाही. ६० एमबीच्या इनिटआरडीचे १,२२,८८० तुकडे होतात; एका फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी दोन मिनिटे नुसती पोच घेण्यात जातात, आणि एकाच वेळी चाळीस यंत्रे मागू लागली की त्याहून वाईट. म्हणून टीएफटीपीने फक्त आयपीएक्सईची (पीएक्सईचे एचटीटीपी जाणणारे सुधारलेले रूप) छोटी फाइल आणावी आणि बाकी सगळे एचटीटीपीने ओढावे. यंत्र सुरू करणारी मूळ प्रणाली म्हणून नव्या यंत्रांत यूईएफआय असते, त्याला जुन्या बायोसपेक्षा वेगळी बूट फाइल लागते, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर आपण स्वतः बांधलेली, सही नसलेली फाइल ते स्वीकारतच नाही. खरेदीच्या वेळीच हे विचारून घेतले तर पुढचे दोन दिवस वाचतात.

आता ज्या गोष्टीमुळे मी या विषयावर बोलायला लागलो ती सांगतो. मी ज्या संस्थेत तेव्हा काम करत होतो तिथे चोवीस सर्व्हरांवर नव्याने ओएस टाकायची होती. किकस्टार्ट फाइल माझीच होती. तिच्यात क्लिअरपार्ट या डिस्कचे भाग पुसणाऱ्या आज्ञेला ‘ऑल’ हा पर्याय दिलेला होता आणि ओएस ‘एसडीए’ (लिनक्स आधी सापडलेल्या डिस्कला देते ते नाव) या डिस्कवर टाका असे लिहिलेले होते. तेवीस यंत्रे नीट झाली. चोविसाव्या यंत्राला बाहेरून एक स्टोरेजची पेटी जोडलेली होती, कर्नलला तिचा कंट्रोलर आधी सापडला, आणि त्या दिवशी एसडीए हे नाव त्या पेटीला मिळाले. पडद्यावर कुठलीही चूक दिसली नाही; पॅकेजेस एकामागून एक बसत होती. मी सहज दुसऱ्या कन्सोलवर जाऊन डीएफ ही डिस्कची जागा दाखवणारी आज्ञा दिली, तर जिथे तीनशे जीबी दिसायला हवे होते तिथे साडेसात टीबी दिसले. त्या पेटीत संशोधकांचा डेटा होता. आदल्या रविवारचा बॅकअप मिळाला, मधले सहा दिवस गेले ते गेलेच, आणि ज्यांचे काम गेले त्यांना तोंड दाखवणे मला फार जड गेले.

त्या दिवसापासून मी या कामाकडे ओएस टाकण्याचे काम म्हणून पाहत नाही, डिस्क पुसण्याचे काम म्हणून पाहतो. इन्स्टॉलर हा आधी पुसतो आणि मग टाकतो. म्हणून साधन निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा: कोणते यंत्र पुसायचे हे इथे कोण ठरवते, कशावरून ठरवते, आणि संशय आला तर हे साधन थांबते का? टाकायला किती वेळ लागतो हा प्रश्न त्यानंतरचा.

या प्रश्नाची उत्तरे फाइलमध्येही देता येतात. किकस्टार्टमध्ये इग्नोरडिस्क वापरून ठरावीक डिस्कपुरतीच परवानगी द्यावी आणि डिस्कचे नाव एसडीए असे न लिहिता आयडीवरून, म्हणजे डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळखीवरून, लिहावे. सुरुवातीला चालणाऱ्या प्री-स्क्रिप्टमध्ये डिस्कचे आकारमान आणि मॉडेल तपासावे, आणि जुळले नाही तर तिथेच थांबावे. उबंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये मॅच या शब्दाखाली सीरियल क्रमांक किंवा मॉडेल देता येते. नेटवर्क बूटच्या मेनूत आपोआप निवडला जाणारा पर्याय नेहमी ‘स्वतःच्या डिस्कवरून सुरू हो’ हाच असावा. ज्या यंत्राचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आपण हाताने नोंदवला आहे त्यालाच इन्स्टॉलर मिळावा. हे नसेल तर अनोळखी यंत्र चुकून नेटवर्कवरून उठले तरी कोरे होते, आणि नेटवर्क पहिल्या क्रमांकावर ठेवलेले यंत्र ओएस टाकून झाल्यावर पुन्हा उठून पुन्हा ओएस टाकायला लागते.

कॉबलरमध्ये याच कारणासाठी प्रत्येक यंत्रापुढे नेटबूटची एक खूण असते आणि काम झाल्यावर ती आपोआप काढून घेण्याची सोय आहे. साधन लहान आहे, समजायला सोपे आहे, आणि वीस-पन्नास यंत्रांच्या, मुख्यतः रेड हॅट घराण्याच्या ठिकाणी मला ते अजूनही पुरेसे वाटते. (ज्या मायकेल डिहान यांनी ते सुरू केले त्यांनीच पुढे २०१२ मध्ये अँसिबल हे यंत्रांची पुढची मांडणी आपोआप करणारे साधन आणले, दोन्हींतला साधेपणा एकाच हाताचा आहे.) फोरमन मोठा आहे. डीएचसीपी, डीएनएस, टीएफटीपी हे सगळे तो स्मार्ट प्रॉक्सी या आपल्या मदतनीस प्रोग्रॅमच्या मार्फत सांभाळतो, यंत्राचा पुढचा सगळा जीवनक्रम नोंदवतो, आणि त्या बदल्यात स्वतःची देखभालही मागतो. त्याला पूर्णवेळ बघणारा माणूस नसेल तर तो घेऊ नये.

उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचे मास वेगळ्या विचाराचे आहे. ते यंत्राला आधी कमिशनिंगच्या टप्प्यातून नेते, म्हणजे मेमरी, डिस्क, कार्डे यांची मोजदाद करून घेते, आणि मगच ‘तयार’ म्हणते. आयपीएमआय किंवा रेडफिश (दूरून यंत्राच्या हार्डवेअरवर ताबा ठेवण्याच्या पद्धती) यांच्या मार्फत वीजही स्वतः चालू-बंद करते. इन्स्टॉलर पायरीपायरीने चालवण्याऐवजी ते तयार प्रतिमा, म्हणजे आधीच बांधलेली ओएस, डिस्कवर उतरवते, त्यामुळे वेग चांगला मिळतो. माझ्या प्रश्नाला सगळ्यांत नीट उत्तर तेच देते, कारण पुसण्याआधी समोर काय आहे हे त्याने पाहिलेले असते. अडचण एवढीच की डीएचसीपी त्याच्या हाती असली तरच त्याची सगळी घडी नीट बसते, आणि पुष्कळ संस्थांत डीएचसीपी दुसऱ्या विभागाकडे असते. एकाच नेटवर्कवर दोघांनी पत्ते वाटायला सुरुवात केली तर निम्मी इमारत बंद पडते. त्या विभागाशी आधी बोला, वेगळे व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळे काढलेले नेटवर्क) मागून घ्या, आणि मगच मास उभे करा.

क्लोनझिलासारख्या साधनाने एका यंत्राची नक्कल बाकीच्यांवर उतरवणे हा प्रयोगशाळांतला आवडता मार्ग आहे. गणपतीच्या साच्यासारखे ते काम: साच्यात ओरखडा असेल तर तो प्रत्येक मूर्तीवर येतो. मशीन-आयडी आणि एसएसएचच्या (दूरून यंत्रात शिरण्याच्या पद्धतीच्या) होस्ट किल्ल्या मूळ यंत्रावरून काढून न टाकता नक्कल केली तर सगळी यंत्रे एकच ओळख मिरवतात.

निवडीचा दुसरा निकष काळाचा आहे. सेंटओएस ८ या रेड हॅट घराण्यातल्या मोफत लिनक्सचा आधार २०२९ पर्यंत मिळेल असे धरून अनेकांनी यंत्रे लावली आणि तो ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. सेंटओएस ७ ही ३० जून २०२४ ला संपली आणि तिची पॅकेजेस नेहमीच्या मिररवरून (पॅकेजेस वाटणाऱ्या सर्व्हरांवरून) उठून जुन्या साठ्यात गेली. ज्यांच्या किकस्टार्ट फाइलमध्ये इंटरनेटवरचा पत्ता होता त्यांची इन्स्टॉलेशन्स बंद पडली. ज्यांनी पॅकेजेसची प्रत स्वतःकडे ठेवली होती त्यांची चालू राहिली. त्याच घराण्यातल्या रॉकी किंवा अल्मा यांवर जाताना किकस्टार्ट फाइल थोड्या फेरफाराने वापरता आली, हे मला फार मोलाचे वाटते. म्हणून आपले ज्ञान साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवता येते की साधनाच्या डेटाबेसमध्ये अडकून पडते, हे पाहूनच निवड करावी. उत्तरपत्रिका छोटीही असावी: डिस्क, नेटवर्क, एक वापरकर्ता आणि त्याची सार्वजनिक किल्ली. बाकीचे सगळे अँसिबलवर सोडावे. शिवाय ही फाइल बहुधा उघड्या एचटीटीपीवरून जाते आणि त्या नेटवर्कवरच्या कोणालाही वाचता येते, म्हणून तिच्यात साधा पासवर्ड कधीही लिहू नये.

शेवटी एका प्राध्यापिकाबाईंनी विचारलेला प्रश्न घेतो. त्यांच्याकडे बारा सर्व्हर आहेत, माणूस एकच आहे, आणि त्यांना फोरमन घ्यावा का असे वाटते. बाई, बारा यंत्रांना फोरमन नको. एका जुन्या यंत्रावर डीएनएसमास्क ठेवा, ते डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही सांभाळते. शेजारी एक साधा वेब सर्व्हर आणि पॅकेजेसची प्रत ठेवा. तुमच्या सर्व्हरांवर रेड हॅट घराण्यातले लिनक्स असेल, तर जे एक यंत्र तुम्हाला मनासारखे लागलेले वाटते त्याच्या ‘/root’ या, म्हणजे रूट वापरकर्त्याच्या, फोल्डरमध्ये जा. तिथे अ‍ॅनाकोंडा-केएस या नावाची फाइल सापडेल, ती त्या यंत्राची किकस्टार्ट उत्तरपत्रिका असते. तिची प्रत काढा, डिस्कची ओळ आयडीवरून लिहा, केएस-व्हॅलिडेटर या किकस्टार्ट फाइल तपासणाऱ्या साधनाने तपासा आणि दोन डिस्क लावलेल्या आभासी यंत्रावर चालवा. दुसऱ्या डिस्कवर आधी एखादी फाइल ठेवून द्या, आणि इन्स्टॉलेशन संपल्यावर ती जागच्या जागी आहे का ते बघा. ती सापडली की मग खऱ्या बारांपैकी पहिल्या यंत्राला हात लावा.