कोपनहेगन: सायकलींच्या खालचे पाइप

मंडळी, 'शहराने पर्यावरणाचं उद्दिष्ट कसं ठरवावं' असा आजचा विषय जाहीर झालाय. तिकडे मी येणारच आहे. पण आधी मला डेन्मार्कच्या राजधानीच्या, कोपनहेगनच्या, गरम पाण्याबद्दल बोलू द्या. या शहराचं नाव निघालं की सगळे सायकलींपाशीच थांबतात आणि त्याहून मोठी गोष्ट सांगायची राहून जाते.

सायकली चांगल्याच आहेत. पण तिथे हिवाळ्यात घरं तापवावीच लागतात, आणि त्याला प्रचंड ऊर्जा लागते. 1973 चं तेलसंकट आलं तेव्हा डेन्मार्क जवळजवळ पूर्णपणे आयात तेलावर जगत होता. रविवारी गाड्या चालवायला बंदी घालावी लागली. त्या धक्क्यातून 1979 साली उष्णतापुरवठ्याचा कायदा आला. कुठल्या भागातली घरं कशाने तापवायची हे नगरपालिकांनी ठरवायचं, आणि गरज पडली तर इमारतींना गरम पाण्याच्या पाइपांच्या सामायिक जाळ्याला जोडून घ्यायची सक्ती करायची. सक्ती म्हटल्याबरोबर इथे काही भुवया वर गेल्या, मला दिसल्या! थोडं थांबा.

वीजकेंद्रात इंधन जाळलं की त्यातली बरीच उष्णता एरवी समुद्रात किंवा हवेत जाते. इथे ती पाण्यात घेतात आणि रस्त्याखालच्या पाइपांतून घरोघर पोचवतात. आज शहरातल्या जवळपास सगळ्या इमारती या जाळ्यावर आहेत. प्रत्येक घरात वेगळा बॉयलर नाही, तेलाची टाकी नाही. आणि म्हणूनच अमागर बेटावरच्या वीजकेंद्राने कोळसा सोडून लाकडाचा भुसा-चिपाट्या जाळायला सुरुवात केली, तेव्हा हजारो घरांचं इंधन बदललं आणि एकाही घरमालकाला काही करावं लागलं नाही. लोकांना सवयी बदला म्हणून विनवण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं काम आहे. मी जाईन तिथे हे सांगतो, आणि सांगत राहणार.

आता कचरा. शेजारच्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये 1903 सालीच कचरा जाळून रुग्णालयाला उष्णता द्यायला सुरुवात झाली, म्हणजे परंपरा जुनी. 2017 मध्ये कचरा जाळून वीज आणि उष्णता देणारा अमागर बाक्के हा नवा प्रकल्प सुरू झाला. 2019 मध्ये त्याच्या छतावर स्कीइंगचा उतार खुला झाला आणि जगभर फोटो झळकले. पण भट्टी गरजेपेक्षा मोठी होतेय, हा आक्षेप ती बांधण्याआधीच शहरात घेतला गेला होता. मोठ्या भट्टीला कचरा लागतो, शहराचा पुरेना तर बाहेरून आणावा लागतो. शिवाय कचऱ्यात प्लास्टिक असतं आणि प्लास्टिक म्हणजे खनिज तेलच. ते जाळून घरं तापवली तरी धूर तेलाचाच निघतो.

2012 मध्ये शहराने ठरवलं होतं: 2025 पर्यंत जगातली पहिली कार्बन-तटस्थ राजधानी व्हायचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढा हिशेबात भरून काढायचा. शेवटी सगळा भार याच प्रकल्पाच्या धुरातला कार्बन पकडण्यावर येऊन पडला. ऑगस्ट 2022 मध्ये कळलं की त्यासाठीच्या सरकारी निधीच्या अटींत प्रकल्प बसत नाही, आणि 2025 चा शब्द मागे घ्यावा लागला. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण तोवर शहराने उत्सर्जन भरपूर कमी केलेलं होतं. बातम्यांत मात्र अपयशच उरलं.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा जाहीर विषय भरभर सांगतो. उद्दिष्ट ठरवताना आधी हद्द ठरवा. कोपनहेगनच्या हिशेबात नागरिकांचा विमानप्रवास नव्हता, बाहेर बनून आलेल्या वस्तूंचा धूर नव्हता. जाळलेल्या लाकडाचा धूर शून्य धरला होता. उरलेली तूट बाहेर विकलेल्या पवनविजेतून वजा व्हायची होती. यातलं काहीच लपवलेलं नव्हतं, पण 'तटस्थ' ऐकणाऱ्या नागरिकाला ते कुणी समजावून सांगितलं?

दुसरं, उद्दिष्टाचा किती भाग शहराच्या स्वतःच्या हातात आहे, ते वेगळं लिहा. पाइप शहराच्या हातात होते, ते काम झालं. निधी सरकारच्या हातात होता, तिथे अडलं.

तिसरं, भट्टीचा आकार ठरवण्याआधी कचरा किती कमी करणार ते ठरवा. उलट क्रमाने गेलात तर पुढची कित्येक वर्षं कचरा कमी झालेला भट्टीलाच परवडणार नाही.

2 जुलै 2011 च्या ढगफुटीनंतर तिथे पावसाच्या पाण्याचा मोठा आराखडा झाला. ज्यांना तो ऐकायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी गाठा, नकाशे आणले आहेत.