37 दिवसांत लागलेलं युद्ध आणि अपशिंग्याची 46 माणसं

(पहाट, रस्त्यावर पळणारी पोरं)

अजून नीट उजाडलेलं नाही आणि पोरं पळायला लागलीयत, भरतीच्या सोळाशे मीटरची प्रॅक्टिस चाललीय. गाव अपशिंगे, तालुका जिल्हा सातारा, पण तुम्ही एसटीत नुसतं अपशिंगे म्हणालात तर कंडक्टर विचारतो, मिलिटरी का? घरटी एक तरी माणूस फौजेत, म्हणून नावालाच मिलिटरी चिकटलंय.

या गावची 46 माणसं पहिल्या महायुद्धात कामी आली. त्यांचं ऑस्ट्रियाशी काय वाकडं होतं? शाळेत आपण हा धडा एका ओळीत उरकतो, की सराजेवोत राजपुत्राला गोळी घातली आणि युद्ध पेटलं. पण गोळी सुटली 28 जून 1914 ला आणि इंग्लंड युद्धात उतरलं 4 ऑगस्टला, मध्ये 37 दिवस आहेत, आणि आपल्याला त्या दिवसांचंच बघायचंय.

(टेबलावर जुना नकाशा)

सराजेवोला जाऊन शूट करायचं आपलं बजेट नाही, म्हणून हा नकाशा. हे ऑस्ट्रिया-हंगेरी, हा खाली चिमुकला सर्बिया. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना मारलं गावरिलो प्रिन्सिप या सर्ब पोरानं, वय वर्षं 19. ऑस्ट्रियाला सर्बियाचा काटा काढायचाच होता, पण सर्बियामागं रशिया उभा, म्हणून त्यांनी आधी जर्मनीला विचारलं. जर्मनीचा सम्राट, कैसर विल्हेल्म म्हणाला, करा काय करायचं ते, आम्ही आहोत पाठीशी. आणि हे सांगून हा बाबा नॉर्वेकडं बोटीतनं सुट्टीवर निघून गेला!

तरी लगेच काही झालं नाही. का, तर ऑस्ट्रियाचे बरेचसे सैनिक सुगीच्या रजेवर गावी गेलेले. दुसरं कारण जरा नीट ऐका. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष पोआंकारे तेव्हा रशियात पाहुणा होता, तो तिथं असताना धमकी दिली तर रशिया आणि फ्रान्स शेजारी बसून उत्तर ठरवणार, म्हणून ऑस्ट्रियानं त्याची बोट निघायची वाट बघितली आणि 23 जुलैच्या संध्याकाळी सर्बियाच्या हातात खलिता ठेवला. 10 मागण्या, मुदत 48 तास. म्हणजे बोलणी होऊ नयेत म्हणून टाइम काढून दिलेला खलिता, ह्याला डिप्लोमसी म्हणायचं असेल तर म्हणा.

सर्बियानं जवळजवळ सगळं मान्य केलं, आमच्या मुलखात येऊन तपास तुमचे अधिकारी करणार हे तेवढं नको म्हणाले. 25 तारखेला संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना पंतप्रधान पाशिच स्वतः उत्तर घेऊन आला, आणि ऑस्ट्रियाच्या राजदूताचं सामान आधीच बांधून तयार होतं, त्यानं कागद वरवर चाळला आणि साडेसहाची गाडी पकडली.

आपल्याकडं भावकीत बांधावरनं लागलं की चार जाणती माणसं मध्ये बसवतात. इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री ग्रे यानं 26 जुलैला तेच सुचवलं, आम्ही, जर्मनी, फ्रान्स, इटली असे चौघं बसू. जर्मनी नाही म्हणाली. आणि तिकडं सुट्टीवरनं परतलेल्या कैसरनं 28 ला सकाळी सर्बियाचं उत्तर वाचून कागदाच्या कडेला लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलं नाही, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियानं तारेनं युद्ध जाहीर केलं. तारेनं!

(फोटो: कैसर, रशियाचा सम्राट म्हणजे झार, इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज)

हे तिघंही नात्यातले. कैसर आणि जॉर्ज दोघं व्हिक्टोरिया राणीचे नातू, झारची बायको तिचीच नात. कैसर आणि झार एकमेकांना विली, निकी म्हणून इंग्रजीत तारा करत होते, झारनं 29 जुलैला हेगच्या लवादाकडं जाऊ असंही कळवलं. त्याच रात्री त्यानं सैन्याची पूर्ण जमवाजमव थांबवली, दुसऱ्या दिवशी सेनापती आणि मंत्री मागं लागले तेव्हा परत हुकूम दिला. मग जर्मनी थांबेना, कारण त्यांचा प्लॅनच असा की रशिया तयार व्हायच्या आत बेल्जियममधनं जाऊन फ्रान्सला आधी पाडायचं. 1 ऑगस्टला कैसर ऐनवेळी म्हणाला फौज पूर्वेला वळवा, तर सेनापती मोल्टके म्हणाला जमणार नाही, गाड्यांचं टाइमटेबल ठरलंय. बेल्जियममध्ये फौज घुसली आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या 1839 च्या कराराचं नाव घेऊन इंग्लंड उतरलं.

इंग्लंड म्हणजे आपणही. व्हाइसरॉय हार्डिंगनं जाहीर केलं, इथं कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. टिळक त्याच जूनमध्ये मंडालेहून सुटून आलेले, त्यांनीही ऑगस्टमध्ये सरकारला पाठिंबा दिला, हे आपल्याकडं फारसं सांगत नाहीत.

(स्मारकावरचा दगड, जवळून)

पुढचं थोडक्यात. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये गेल्या, तिथल्या कुत या गावी 147 दिवस तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या, घोडे कापून खायची पाळी आली, एप्रिल 1916 ला शरणागती, मग कैद आणि वाळवंटातनं पायपीट. भारतातनं गेलेल्यांपैकी सुमारे 74 हजार मेले.

अपशिंग्याचं स्मारक गावानं जपलंय. पण चौदाच्या लढाईत किती गेले आणि त्यातले किती परत आले नाहीत एवढंच लिहिलेल्या दगडी पाट्या दुसऱ्या गावांतही आहेत, चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत. सातारा, सांगलीकडं तुमच्या गावात असली तर आधी फोटो काढून ठेवा, आणि ग्रामपंचायतीचं रंगकाम निघालं की पेंटरला सांगा, एवढ्या चौकोनावर ऑइलपेंट मारू नको.