सावकाश ओढलेली तिरपी रेष

नमस्कार, श्रोतेहो. हाताशी टॅब्लेट आणि त्याचा पेन असेल, तर हे करून पाहा. स्क्रीनवर फूटपट्टी तिरपी धरा. प्लॅस्टिकची घ्या, धातूची स्क्रीनला बोटासारखी वाटते. आता तिच्या कडेनं पेन अगदी सावकाश ओढा. पुष्कळ स्क्रीनवर त्या रेषेला ठरावीक अंतरानं बारीक लाटा येतात. आपण म्हणतो, हात थरथरला. पण हाताला तर फूटपट्टीचा आधार होता!

दोष बहुधा काचेखाली असतो. तिथं इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक पदार्थाच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी असते. या पट्ट्या म्हणजेच इलेक्ट्रोड, आणि त्या साधारण 4 ते 5 मिलिमीटर अंतरावर असतात. बोट चांगलं रुंद, दोन-तीन पट्ट्यांवर एकदम पसरतं. कुठल्या पट्टीला किती जाणवलं, ते ताडून चिप नेमकी जागा काढते. पेनाचं टोक मात्र एक-दोन मिलिमीटरचं. ते एका पट्टीच्या मधोमध असलं की शेजारणीला त्याचा पत्ताच नसतो. टोक सरकत राहतं, चिपनं काढलेले जागेचे आकडे हलत नाहीत, आणि शीव ओलांडली की एकदम उडी. तीच ती लाट.

सॉफ्टवेअरनं लाट घोटून सपाट करता येते, पण मग शाई टोकाच्या मागे रेंगाळते. लिहिणाऱ्याला ते फार खुपतं. मला दुसरा उपाय मनापासून आवडतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा बरं. शेजारच्या पट्ट्यांच्या कडा अशाच, कंगव्याच्या निमुळत्या दात्यांसारख्या, एकमेकींत शिरवतात. मग टोक कुठंही टेको, खाली दोघींचाही अंश असतो. टोक सरकेल तसा एकीचा वाटा उतरतो, दुसरीचा चढतो. पट्ट्यांपासून चिपकडे जाणाऱ्या तारा तेवढ्याच, जागा मात्र कितीतरी नेमकी कळते.

अर्थात दाते टोकापेक्षा बारीक हवेत, नाहीतर दात्यागणिक नवी लाट. आणि फार बारीक केले तर विजेला वाट अरुंद होते, संदेश मंदावतो. या पट्ट्या कोरणाऱ्याची खरी कसोटी तिथं लागते.

स्क्रीनच्या काठाला तर बाहेरच्या बाजूनं शेजारीणच नसते. तुलना कुणाशी करणार? म्हणून काही आराखड्यांत शेवटची पट्टी मुद्दाम अरुंद ठेवतात. तेव्हा फूटपट्टी फक्त मधे धरू नका, रेष थेट काठापर्यंत न्या.