कझुंगुला: पासपोर्ट सुटतो, गाडी अडते

समोर दिसतेय ती झांबेझी नदी. अलीकडे बोत्स्वाना, पलीकडे झांबिया. मधला कझुंगुला पूल 923 मीटरचा आणि मुद्दाम वळवलेला, कारण सरळ नेला असता तर तो झिम्बाब्वेच्या हद्दीत शिरला असता. 10 मे 2021 रोजी तो खुला झाला. त्याआधी फेरीबोट होती आणि मालट्रक दिवसचे दिवस रांगेत उभे राहायचे.

दक्षिण आफ्रिकेत गाडी भाड्याने घेऊन उत्तरेकडे निघालं की गाडीच्या दृष्टीने खरी सीमा इथे लागते. दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी हे पाच देश एकाच जकात संघात आहेत. झांबिया त्याबाहेर. इथे तुमची गाडी म्हणजे बाहेरून आलेला माल. ती इथे विकली जाणार नाही, परत जाईल, एवढं कस्टम्सला कागदावर हवं असतं.

ही तयारी गाडी ताब्यात घेतानाच करायची. नोंदणी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, पोलिसांचं क्लिअरन्स आणि गाडी देशाबाहेर नेण्याचं मालकाचं पत्र मागून घ्या. पत्रात प्रत्येक देशाचं नाव, तारखा, चासी आणि इंजिन नंबर हवेत. चालवणाऱ्याचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. पासपोर्टवर ते असतं, पत्रात गळतं, आणि खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. एक अंक चुकला तर दुरुस्त पत्र येईपर्यंत गाडी हलत नाही.

दोन लाल त्रिकोण, पुढे पांढऱ्या आणि मागे लाल परावर्तक पट्ट्या, देशाचं अक्षरचिन्हही लावून घ्या. सीमेवर कुणी विचारलं नाही, तरी पुढच्या नाक्यावर पोलीस विचारतात.

आता पूल. बोत्स्वानाच्या बाजूला शिक्क्यासाठी थांबायचं नाही. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात, आणि ती इमारत तुम्ही ज्या देशात शिरता त्या बाजूची. म्हणजे उत्तरेकडे जाताना आधी पूल ओलांडायचा, मग झांबियाच्या इमारतीत बोत्स्वानाचा निर्गमन शिक्का आणि लगेच झांबियाचा प्रवेश शिक्का. भारतीय पासपोर्टसाठी व्हिसाचं काम घरूनच उरकून यावं.

इथवर काम झरझर होतं. मग गाडीची पाळी येते. पहिली खिडकी कस्टम्सची: तिथे तात्पुरत्या आयातीचा परवाना, म्हणजे टीआयपी, मिळतो. कागद हातात पडताच गाडीचा नंबर, चासी नंबर आणि मुदतीची तारीख खिडकीपाशीच वाचा. बाहेर पडल्यावर चूक सापडली, तर रांग पुन्हा पहिल्यापासून. मग कार्बन कर, इंजिनाच्या क्षमतेप्रमाणे, क्वाचा या झांबियाच्या चलनात. मग परदेशी गाड्यांचा रस्ता टोल, अमेरिकन डॉलरमध्ये. मग थर्ड पार्टी विमा: दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वाना कोमेसा या आफ्रिकी देशांच्या व्यापार संघाचे सदस्य नाहीत, त्यामुळे तिथल्या गाडीकडे सहसा त्या संघाचं यलो कार्ड, म्हणजे सदस्य देशांत चालणारं विम्याचं कार्ड, नसतं आणि विमा इथेच काढावा लागतो. शेवटी स्थानिक कौन्सिलची पट्टी. रक्कम छोटी, पण तीही क्वाचात.

चलनांच्या या सरमिसळीतच दलालांचं फावतं. गाडी थांबण्याआधीच ते काचेशी येतात, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी लटकत असतं. कुणाची मदत घ्यायचीच असेल, तर मजुरी आधी ठरवा, पण पासपोर्ट आणि सरकारी फी स्वतःच्या हातानेच खिडकीत द्या. क्वाचा घेताना प्रत्येक नोट उलगडून बघा. 1 जानेवारी 2013 पासून क्वाचाची तीन शून्यं गेली; हजारांचे आकडे छापलेली जुनी नोट हातात आली तर ती चालत नाही.

प्रत्येक पावती जपायची. फाटकावर तपासतात, वाटेतल्या नाक्यांवर मागतात. टीआयपीचा कागद देश सोडताना कस्टम्सकडे नोंदवून बंद करणं सगळ्यांत महत्त्वाचं. तो उघडा राहिला तर नोंदीनुसार गाडी झांबियातच आहे, आणि जकातीचा तगादा मालकाकडे जातो.

बोत्स्वानात परत शिरताना फ्रीजमधलं कच्चं मांस काढून घेतात, लाळ्या-खुरकुताच्या भीतीने बूटही औषधी पाण्यात बुडवायला लावतात. तिथलं गोमांस युरोपात जातं, म्हणून या बाबतीत गयावया करून काही होत नाही. मुलं सोबत असतील, तर त्यांचे जन्मदाखले बोत्स्वानात शिरताना लागतात. एकच पालक असेल तर दुसऱ्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्रही.