केळीची तहान आणि ३२ किलोबाइट

(दृश्य: रावेर तालुका. केळीची बाग, ठिबकच्या नळ्या.)

मे महिना. जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. केळीची मुळं वरवरची, पानं मोठाली. पाण्याची पाळी चुकली की बाग लगेच मान टाकते. शेतपंपाची वीज कधी दिवसा, कधी मध्यरात्री. म्हणून या घरातल्या तरुणानं व्हॉल्व्ह उघडणारं यंत्र स्वतःच करायला घेतलं.

(दृश्य: पेटीतला बोर्ड.)

हा अर्दुइनो ऊनो, यंत्रं चालवणारा छोटासा संगणक-बोर्ड. प्रोग्रॅमला जागा ३२ किलोबाइट, चालू कामाला मेमरी अवघी २. इथं कंपायलर मावत नाही. तो घरच्या लॅपटॉपवर बसतो आणि सी प्लस प्लसमधला कोड या बोर्डाच्या प्रोसेसरला कळेल असा करून देतो. याला म्हणतात क्रॉस-कंपाइल.

पहिल्या हंगामात सगळं एकाच फाइलीत होतं. एक अट बदलली, की ती चालते का हे बघायला बॅटरी घेऊन बागेत. रात्री दीडलासुद्धा.

मग त्यानं फाइल फोडली. पाणी कधी द्यायचं हे ठरवणारा भाग वेगळा, व्हॉल्व्हला हात घालणारा वेगळा. मध्ये हेडर फाइल. तिच्यात नुसता करार: ओलावा सांग, व्हॉल्व्ह उघड, बंद कर. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली हेच मांडलं होतं, की जे बदलण्याजोगं आहे ते एका विभागाच्या आत झाकून ठेवा. सेन्सर बदलेल, जोडणी बदलेल. केळीची तहान तीच.

आता ठरवणारा भाग लॅपटॉपसाठीही कंपाइल होतो. तिथं खऱ्या व्हॉल्व्हऐवजी खोटा, जो नुसतं ‘उघडला’ असं छापतो. कोडचे वेगवेगळे भाग एकत्र जोडणाऱ्या लिंकरला त्याच नावाचं फंक्शन मिळालं, की तो जोडून देतो. वीज गेली, सेन्सर निसटला, सगळे प्रसंग ओट्यावर बसून तपासता येतात. मला ही या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

तरी एकदा फसगत झालीच. लॅपटॉपवर सगळं बरोबर, बागेत दुपारची पाळी सुरूच होईना. कारण पूर्णांक साठवणाऱ्या साध्या इंट प्रकारात होतं. लॅपटॉपवर तो ३२ बिटांचा, ऊनोवर १६ बिटांचा. त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. दिवसाचे सेकंद ८६,४००. मध्यरात्रीपासून मोजणी सुरू केली, की सकाळी ९ वाजून ६ मिनिटांनी आकडा उलटून उणे होतो!

(दृश्य: पडद्यावर कोड.)

त्यानं प्रकार बदलला, ३२ बिट स्पष्ट लिहिले. शिवाय कोडमध्येच एक अट घातली: सेकंद मोजायचा प्रकार चार बाइटांहून लहान असेल, तर कंपाइलच होऊ नकोस.