खिडकीतून सोडलेली वायर

(दृश्य: परसू. पाचटाचा जाळ, त्यावर धरलेली हलगी.)

आजच्या रेकॉर्डिंगची सुरुवात माइकपासून नाही, या जाळापासून होते. पाचट भसकन पेटतं आणि तेवढ्याच घाईनं विझतं. त्या अवधीत हलगी जाळावरून फिरवून घ्यायची. कातडं तापलं की आवळतं, आवळलं की बोल कडक निघतो. हात मात्र थांबवायचा नाही, एकाच जागी धरलं तर कातडं करपून फाटतं. हलगीवाला टिचकी मारतो, कान लावतो, नाक मुरडतो. अजून एक मूठ पाचट.

हवेत जरा ओल असली की हे कातडं लगेच ढिलं पडतं. मग पुन्हा जाळ, पुन्हा टिचकी. कंप्युटरमध्ये हलगीचे तयार तुकडे मिळतात. बटण दाबलं की वाजतात, तापवावे लागत नाहीत. हे गाणं रेकॉर्ड करणाऱ्या मंडळींनी ते घेतले नाहीत. आम्हीही तुम्हाला ते ऐकवणार नाही.

(दृश्य: लाकडी जिना, माडी, भिंतीवर वाकळा.)

कोल्हापूर, मंगळवार पेठ. खाली परसू, वर माडी, आणि माडीवरच्या या खोलीला चौघे मित्र स्टुडिओ म्हणतात. घरातली मोठी माणसं अजून अडगळीची खोलीच म्हणतात.

भिंतीवर आजीनं शिवलेल्या वाकळा आहेत. जुन्या लुगड्यांचे थर, वरून दाट धावदोरा. उघड्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो, माइकमध्ये किंचित उशिरा शिरतो आणि गाणं न्हाणीघरात म्हटल्यासारखं वाटतं. वाकळ त्यातला चिरका भाग गिळते. खर्ज तिला आवरत नाही, तो कोपऱ्यात साचतो, म्हणून कोपऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या उभ्या केल्यात. आधी इथं अंड्यांचे ट्रे चिकटवलेले होते. बाहेरच्या रिक्षेपुढे त्यांचं काही चाललं नाही. रिक्षेपुढे वाकळांचंही चालत नाही, तेव्हा रिक्षा गेली की गायचं.

गाणं यांचंच आहे, जोतिबाच्या सासनकाठीचं, म्हणजे यात्रेत नाचवतात त्या उंच काठीचं. ‘काठी चालली डोंगरा, गुलाल उडतो कौलावर.’ गाणाऱ्या मैत्रिणीपुढे कंडेन्सर माइक आहे, त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. असा माइक बारीकसारीक सगळंच टिपतो, अगदी शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा. त्यात ‘भ’ आला की तोंडातला झोत थेट माइकवर बसतो आणि धप्प असा आवाज येतो. जोतिबाच्या गाण्यात ‘चांगभलं’ टाळणार कसं? म्हणून मध्ये नायलॉनची जाळी, आणि तोंड जरासं तिरकं.

तानपुरा मोबाइलमधला आहे. मिरज इथून तास-सव्वा तासावर, तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तानपुरा विकत घ्यायचा तर पैसे लागतात. इथं तेवढं सोवळं पाळलेलं नाही.

(दृश्य: खिडकीतून खाली उतरणारी काळी वायर, तुळशीकट्टा, हलगीवाले.)

हलगी, घुमकं म्हणजे ढोल आणि कैताळ म्हणजे झांजा, हे सगळं या खोलीत मावत नाही. मावलं तरी त्यांचा आवाज गाण्याच्या माइकमध्ये घुसेल आणि मग दोन्ही वेगळे काढता येणार नाहीत. सोपा मार्ग होता: वाद्यं आज, गाणं उद्या, आणि जोडणी कंप्युटरवर. यांना ते नको होतं. त्यांनी खिडकीतून वायर खाली सोडली, फटीत टॉवेल कोंबला आणि काच लावून घेतली. ती वर गाते, हे खाली वाजवतात. एकमेकांचा आवाज हेडफोनमधून, आणि समेची खूण काचेतून, मानेनं.

इंटरफेसला, म्हणजे माइकचा आवाज कंप्युटरमध्ये नेणाऱ्या पेटीला, माइकच्या जागा दोनच. एक गाण्याला गेली, उरलेल्या एका माइकवर तीन वाद्यं. मग तोल बटणांनी नाही, पायांनी साधायचा. घुमकं माइकजवळ, कैताळ कडेला, हलगी चांगली मागे. तरी पहिल्याच ठोक्याला आवाज फाटला. हलगीवाला दोन पावलं सरकला. आणखी दोन. त्याची पाठ आता न्हाणीच्या भिंतीला टेकली आहे.

याच गावात १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीनं ‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपट केला. पार्श्वगायन तेव्हा आलेलं नव्हतं. गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यापुढे हरिश्चंद्र म्हणून उभे राहून गात होते, संगीतही त्यांचंच. वाजवणाऱ्यांनी चौकटीबाहेर बसून त्याच वेळी साथ करायची, अशी तेव्हाची पद्धत. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून.

(दृश्य: हलगीवाल्याचा हेडफोन, तो काढून ठेवताना.)

ठेका सरकू नये म्हणून कानात क्लिक देतात, म्हणजे ठराविक लयीत टिकटिक. हलगीवाल्यानं ती दोन आवर्तनं ऐकली आणि हेडफोन तुळशीकट्ट्यावर ठेवला.

“त्या टिकटिकीवर जत्रा चालती व्हय भावा? काठी उचलली की लय चढणारच.”

क्लिक बंद झाली. आता त्याच्या कानात काहीच नाही, त्यानं फक्त काचेमागच्या मानेकडे बघायचं. ठेका आपल्या मर्जीनं चढणार, म्हणजे एका टेकमधला, एका वेळच्या रेकॉर्डिंगमधला, तुकडा दुसऱ्या टेकमध्ये डकवता येणार नाही. अख्खं गाणं एका दमात.

(दृश्य: संपूर्ण टेक. निवेदन नाही.)

मिक्सिंग, म्हणजे दोन्ही माइकचे आवाज तोलून एकत्र करणं, पुढे बरेच दिवस चाललं, शेजाऱ्यांची एक तक्रार आली आणि मिटली, गाणं यूट्यूबवर गेलं. पुढचं गाणंही लिहून तयार आहे. पण हलगीवाल्याच्या सुपाऱ्या लागल्यात, आणि जोतिबाची चैत्र यात्रा आटोपल्याशिवाय तो मोकळा व्हायचा नाही.