चोचीवरून कूळ ओळखू नये

पत्रिकेवर विषय छापलाय ‘पक्ष्यांची उत्क्रांती’. पंधरा कोटी वर्षं आणि अकरा हजारांच्या घरातल्या जाती चाळीस मिनिटांत मावणार नाहीत. म्हणून एकच पक्षी घेऊ. मुलुंडमध्ये बोलायचं तर तो रोहितच, म्हणजे आपला फ्लेमिंगो. ऐरोलीच्या पुलावरून जाताना तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलाय. या ठाणे खाडीतलं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेलं. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. चोच पक्ष्याचा धंदा सांगते, कूळ सांगत नाही.

शाळेच्या भिंतीवर तो तक्ता असतो बघा, चोचींचे प्रकार. बाकदार चोच मांस फाडणाऱ्याची, लांब सुईसारखी मध पिणाऱ्याची, चपटी चिखल उपसणाऱ्याची. मग परीक्षेत जोड्या लावा. तक्त्यातली माहिती खोटी नाही. पण त्यातून मूल शिकतं की सारखी चोच म्हणजे एक घराणं, आणि ही समजूत मोठेपणीही सुटत नाही. तुमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर शिंजीर येतो, त्याची चोच बारीक, वाकडी, मध शोषणारी. अमेरिकेतल्या हमिंगबर्डची चोचही तशाच कामाची. पण शिंजिराचं नातं चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गटाशी, आणि हमिंगबर्डचं पाकोळी या पक्ष्याशी. दोघांची गाठ फक्त फुलावर पडते. गिधाडांचंही तसंच. आपली गिधाडं आणि अमेरिकेतली गिधाडं वेगवेगळ्या घराण्यांतली आहेत, मढं खाण्यानं दोघांची डोकी बोडकी केली. तक्त्याच्या तळाशी एक ओळ घातली असती, ‘यावरून नातं ठरत नाही’, तरी पुरलं असतं. त्या एका ओळीसाठी मी बराच वेळ घेतोय, पण ती हवीच.

आता रोहिताची चोच. खाताना तो मान खाली घालतो तेव्हा डोकं उलटं होतं, वरचा जबडा पाण्याकडे येतो आणि खालचा आकाशाकडे. म्हणून इतर पक्ष्यांत वरची चोच भक्कम असते, तर इथे खालची मोठी, खोल पन्हळीसारखी आणि वरची तिच्यावर झाकणासारखी बसणारी. त्या पन्हळीत जाड, मांसल जीभ. प्राचीन रोमन लोक ती आवडीनं खात, यावरून तिच्या जाडीची कल्पना येईल. जीभ मागे गेली की पाणी आत ओढलं जातं, पुढे आली की तेच पाणी चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांमधून बाहेर. अन्न पट्ट्यांवर अडकतं, आणि जिभेवरचे मागे वळलेले काटे ते घशाकडे लोटतात. लहान रोहित नावाची जात हे सेकंदाला वीसच्या आसपास वेळा करते, मोठा रोहित ही दुसरी जात पाच-सहा वेळा.

चोच मधेच वाकलेली का? कात्री उघडून पाहा: टोकाशी फट रुंद, खिळ्याशी जवळजवळ शून्य. सरळ चोचीचंही तेच होतं. अशा फटीत टोकाशी खडे शिरतील आणि मुळाशी पाणीच जाणार नाही. चोच वाकवली की ती जराशी उघडल्यावर फट लांबीभर जवळपास सारखी राहते. नको तेवढा मोठा कण दारातच अडतो, हवा तो आत जातो.

आपल्या खाडीत दोन्ही जाती एकाच चिखलावर दिसतात. मोठ्याची चोच फिकट गुलाबी, टोक काळं. तो चिखल तुडवून किडे, शंखशिंपल्यांतले जीव, कोलंबीच्या जातीचे बारीक प्राणी उठवतो. लहान रोहिताची चोच गडद, लांबून काळीच वाटते. तिच्या पट्ट्या जास्त बारीक, त्यामुळे तो पाण्याच्या वरच्या थरातलं शेवाळ गाळतो. भांडणाचं कारणच उरत नाही. चिलीच्या रोहितांवर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पाय आपटून आणि डोकं झटक्यानं वर ओढून ते पाण्यात भोवरे तयार करतात, आणि पळणारे बारीक जीव त्या भोवऱ्यांत सापडतात.

पिल्लू मात्र सरळ चोचीचं आणि राखाडी जन्मतं. चोच वाकून गाळणी कामाला लागेपर्यंत अडीच महिन्यांच्या आसपास जातात. तोवर आई आणि बाप दोघंही अन्ननलिकेच्या वरच्या भागात तयार होणारं लालसर दूध पाजतात. कबुतरंही असं दूध पाजतात, ते लक्षात ठेवा, पुन्हा लागेल. आणि मागे वाकतो तो रोहिताचा गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो.

पाहायला जाणार असाल तर भरतीच्या वेळा बघूनच निघा. भर ओहोटीत पक्षी दूर चिखलावर असतात. पूर्ण भरतीत चिखल बुडतो आणि ते नवी मुंबईच्या पाणथळींवर जाऊन उभे राहतात. भरतीच्या आधी किंवा नंतर साधारण तीन तास, ही वेळ बरी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तीन-चार दिवसांपूर्वीची वेळ आज चालत नाही. होडी थव्यात घालून त्यांना उडवू नका. चिखल उघडा असतो तेवढ्याच तासांत त्यांचं जेवण व्हायचं असतं. आणि त्या पाणथळींत खाडीचं पाणी आणणारी तोंडं बुजवली की तळं आटतं, मग भरतीच्या वेळी या पक्ष्यांनी उभं राहायचं कुठे? हा प्रश्न मी प्रत्येक व्यासपीठावर विचारतो, यापुढेही विचारीन.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. मूळ विषय आता झपाट्यानं.

रोहिताचं कूळ कोणतं? लांब पायांमुळे त्याला करकोच्यांत बसवलं, पडदेदार बोटं आणि आवाजामुळे बदकांत, कुणी चिखलात चरणाऱ्या किनारपक्ष्यांत. २००१ साली डीएनएच्या अभ्यासातून उत्तर आलं: सर्वांत जवळची हयात नातेवाईक टिबुकली! पवई तलावात बुड्या मारणारी, बुटकी, टोकदार चोचीची पाणडुबी. मग जुन्या खुणा दिसू लागल्या. दोघांच्याही अंड्यांवर खडूसारखा कॅल्शियम फॉस्फेटचा थर, दोघांच्या पंखांत मुख्य उड्डाणपिसं अकरा, तर बहुतेक पक्ष्यांत दहा किंवा कमी. मधला दुवा पॅलिलोडस हा लुप्त पक्षी: रोहिताच्या घराण्यातला, पण चोच सरळ आणि पाय पोहणाऱ्याचे. म्हणजे कुळाचा फाटा आधी फुटला, चोच मागाहून वाकली.

२०१४ सालच्या जनुकीय वंशवृक्षात या जोडीशेजारी कबुतरं आली, आणि दुधाचं कोडं सुटलं असं अनेकांना वाटलं. २०२४ साली कळलं की गुणसूत्राच्या एका तुकड्यानं दिशाभूल केली होती, कबुतरं या जोडीची सख्खी शेजारी नाहीत. टिबुकली तर दूध पाजतच नाही. तेव्हा दूध दोन्हीकडे स्वतंत्रपणे आलं असंच मानावं लागतं.

ससाणा घारीचा भाऊ दिसतो, पण त्याचं जवळचं नातं पोपटाशी. पक्षी स्वतः डायनासोरांतलीच एक शाखा. आर्किऑप्टेरिक्स १८६१ साली जर्मनीच्या चुनखडीत मिळाला, दात आणि हाडांची शेपटी असलेला, पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. १९९६ साली चीनमध्ये पिसांसारखं आवरण असलेला, न उडणारा डायनासोर मिळाला, म्हणजे पिसं उडण्याच्या आधीची. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, सह्याद्रीचा कातळ ज्या लाव्हापासून झाला तो वाहत होता त्याच सुमारास, बाकीचे डायनासोर संपले आणि ही एक शाखा तगली.

हवेच्या पिशव्या आणि पोकळ हाडं राहिली. ती प्रश्नोत्तरांत विचारा, मी थांबतो.